मकबऱ्यातली बाळंतीण

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या अकरा जणी प्रशिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. उतरलो स्टेशनजवळच्या लॉजवर. शेवटच्या दिवशी दुपारी मोकळ्या झालो, तेव्हा पाणचक्की आणि बीबी का मकबरा पाहून घेतला. सोनेरी महालातलं संग्रहालय राहिलंच, जालन्याची गाडी गाठायची होती.

पाणचक्कीचं पुन्हा कधीतरी सांगेन. आज मकबऱ्याचं, कारण तिथं आमच्या एका मावशींनी विचारलेलं माझ्या डोक्यातून जाईना. कबर खाली आहे, भोवती संगमरवरी जाळी. आपण वरून वाकून बघायचं. लोक नाणी टाकत होते. मावशी म्हणाल्या, "ही बाई गेली कशानं? अन् हिची लेकरं कुणी सांभाळली?" माहिती सांगणारा माणूस ताजमहालाशी तुलना करण्यात गुंतला होता. मग घरी येऊन मीच पुस्तकं काढली.

तिचं नाव दिलरस बानू बेगम. औरंगजेबाची बायको. लग्न १६३७ साली झालं, तीन मुली आणि दोन मुलगे झाले. धाकटा अकबर ११ सप्टेंबर १६५७ ला जन्मला आणि ८ ऑक्टोबरला ही गेली. सव्वा महिनासुद्धा पुरा झाला नव्हता. जिच्यासाठी ताजमहाल बांधला ती मुमताज हिची सासू. ती तर सून घरात यायच्या आधीच, १६३१ साली, बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली होती. आपण फोटो काढतो त्या दोन्ही इमारती बाळंतिणींच्या कबरी आहेत. त्यांना हकीम, दाया, दासी, पैसा, कशाचीच ददात नव्हती. पण बाळंतिणीला ताप का चढतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं प्रसूती करणाऱ्यांना औषधी पाण्यानं हात धुवायला लावले आणि तिथले मृत्यू झपाट्यानं कमी झाले. हात धुण्याची गोष्ट! तीही तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना पटली नाही.

मकबरा आईसाठी मुलानं, म्हणजे आझमशहानं, बांधला असं तिथं सर्रास सांगतात. मकबऱ्याचं काम १६६० च्या सुमाराचं आणि आझमचा जन्म १६५३ चा. सात वर्षांचं पोर काय बांधणार? बांधून घेतला बापानं, मुलानं पुढे देखभाल केली. दारावर अताउल्ला आणि हंसपत राय या कारागिरांची नावं आहेत, ती जरूर बघा. खर्चही नोंदलेला आहे, सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. सात आण्यांचाही हिशोब ठेवलाय, आपल्या गटाच्या वहीसारखा. ह्याला 'गरिबांचा ताज' म्हणतात ते मला काही आवडत नाही.

आता लेकरांचं. सत्तावीस दिवसांच्या अकबराला थोरली बहीण झेबुन्निसा हिनं मायेनं वाढवलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. हाच अकबर मोठेपणी बापाविरुद्ध उठला आणि १६८१ साली संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. शेवटी इराणला गेला, परत आला नाही. त्याच्या छावणीत बहिणीची पत्रं सापडली. बापानं तिची तनखा बंद केली आणि दिल्लीच्या सलीमगडावर तिला कैदेत टाकलं. १७०२ साली ती वारली, तोवर कैदेतच होती.

महिन्याच्या बैठकीत हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्यांची थोरली बहीण बाळंतपणातच गेली, तिची दोन्ही पोरं मावशींनीच वाढवली आहेत. ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "वाढवलं होतं ना तिनं त्याला. मग पत्र लिहिणारच की."