वॉटर्लूचे शिशाचे शिपाई

इतिहास केवळ लेखणीनेंच लिहिला जातो असें नाहीं. तो ओतीव धातूनेंहि लिहितां येतो. ता. १८ जून १८१५ रोजीं झालेल्या वॉटर्लूच्या लढाईचा प्रमाणबद्ध नमुना करण्याचें काम १८३० सालीं विल्यम सायबॉर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे आलें. त्यानें रणभूमीवर आठ महिने राहून जमिनीची मोजणी केली, आणि लढलेल्या अधिकाऱ्यांस पत्रें धाडून सायंकाळीं सातच्या सुमारास कोणती पलटण कोठें होती, हें विचारलें. सरकारनें पैसा थांबविला, तेव्हां त्यानें कर्ज काढलें. बोटाच्या पेराहूनहि लहान असे कथील-शिशाचे ७०,००० हून अधिक शिपाई बसवून १८३८ सालीं तो नमुना लंडनांत मांडला गेला.

परंतु त्यांत प्रशियन सैन्याला मिळालेलें मोठें स्थान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांस रुचलें नाहीं. विजयाचें श्रेय वांटलें जात होतें ना! पुढें सायबॉर्ननें प्रशियनांची मांडणी बदलली व त्यांचे पुष्कळ शिपाई काढून टाकले. हें पुराव्यानें झालें कीं दडपणानें, याविषयीं अभ्यासकांत अद्याप वाद आहे. म्हणून आम्हांस वाटतें कीं, असा नमुना पाहतांना उभ्या असलेल्या शिपायांबरोबर उचलल्या गेलेल्यांचीहि गणना वाचकांनीं करावी.