सायकेडेलिक चित्रकला : नशा कमी, डोळ्यांचा खेळ जास्त, वडोदऱ्यापर्यंत पोहोचतो धागा

हरणी (वडोदरा) : हरणी विमानतळावरून शहरात आलं की महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा लागते. १९५० मध्ये सुरू झालेल्या या शाखेत महाराष्ट्रातली मुलंही शिकायला येतात. 'सायकेडेलिक' शब्द कानावर पडला की घरच्यांना मात्र आधी नशा आठवते. हा प्रकार नेमका काय आहे, ते पाहू.

शब्द कुठून आला?
मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५० च्या दशकात हा शब्द घडवला. ग्रीक मुळानुसार अर्थ 'मन उघड करणारे'. १९६६ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगीत कार्यक्रमांच्या पोस्टरांनी ही शैली गाजवली. भडक रंग आणि वितळल्यासारखी अक्षरे ही तिची ओळख. त्या काळाचा एलएसडीशी संबंध होता, हे खरंच. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार एलएसडी बाळगणे आणि घेणे गुन्हा आहे.

दृष्टिभ्रमाशी नाते
पोस्टरकार व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ आल्बर्स यांच्याकडे रंगशास्त्र शिकले होते. लाल आणि हिरवा असे विरोधी पण सारख्याच उजळपणाचे रंग शेजारी ठेवले की मधली कड थरथरते. शुद्धीवरच्या डोळ्यालाही ती तशीच दिसते. लाल कागदावर हिरवी अक्षरे काढून घरी बघता येईल. ब्रिजेट रायली यांनी तर नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेषांनी कॅनव्हास हलता भासवला. ही 'ऑप आर्ट' १९६५ च्या न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनातून जगभर पोहोचली.

अतिवास्तववादाशी नाते
आंद्रे ब्रतों यांचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ चा. त्यात भर स्वप्नावर, नकळत उमटणाऱ्या प्रतिमांवर. साल्वादोर दाली यांची वितळणारी घड्याळे १९३१ ची. मराठीत 'कोरा कॅनव्हास' लिहिणारे प्रभाकर बरवे (१९३६-९५) यांच्या चित्रांतही घड्याळ, पान अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात तरंगतात. ते सायकेडेलिक चित्रकार नव्हेत. पण वस्तू ओळखीची, जागा अनोळखी, ही स्वप्नाची रीत तिथे दिसते. अतिवास्तववाद मनाला चकवतो, ऑप आर्ट डोळ्याला. सायकेडेलिक पोस्टर दोन्ही एकदम करते.

वडोदऱ्याचा धागा
सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मांकडून पौराणिक चित्रे काढून घेतली. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून देवादिकांची रंगीत चित्रे घराघरांत गेली आणि कॅलेंडरचित्रांची परंपरा रुजली. १९६७ मध्ये जिमी हेन्ड्रिक्स यांच्या 'ॲक्सिस : बोल्ड अ‍ॅज लव्ह' या रेकॉर्डच्या वेष्टनावर अशाच एका भारतीय विश्वरूप विष्णूच्या चित्रात वादकांचे चेहरे बसवले गेले. आज परदेशी म्हणून ओळखली जाणारी ही शैली भारतीय देवघरातूनही उसनवारी करत होती.

वडोदऱ्यात आलात तर लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातले महाराजा फतेसिंह संग्रहालय जरूर बघा. रविवर्मांची मूळ चित्रे तिथे आहेत.