सोमवारच्या धापेची कुळकथा

हुबळी-धारवाडचा कापूस मुळात अर्धा परदेशी. 1840 साली ईस्ट इंडिया कंपनीनं अमेरिकेतून कापसाचे जाणकार आणले. त्यांच्यातल्या मर्सरसाहेबांनी हुबळीजवळ कुसुगलला शेती केली. न्यू ऑर्लिन्सचं बियाणं इथल्या काळ्या रानाला मानवलं आणि ‘धारवाड-अमेरिकन’ म्हणून गाजलं. पुढे 1972 मध्ये धारवाडलाच डॉ. कटारकींनी ‘वरलक्ष्मी’ हे संकरित वाण दिलं.

या वैभवाबरोबर धूळही आली. गिरणीच्या ब्लो-रूम आणि कार्डिंग खात्यातल्या कामगारांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळायची, मंगळवार-बुधवारी सैल पडायची. या आजाराला बिसिनोसिस हे नाव 1877 मध्ये देणारे डॉक्टर आद्रियाँ प्रूस्त हे कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे वडील.

दोष कापसाच्या तंतूचा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण बोंडाभोवतीच्या वाळक्या पाल्यावर जिवाणू वाढतात, पाल्याचा चुरा धुळीत मिसळतो आणि त्या जिवाणूंच्या भिंतीतलं विष श्वासावाटे आत जातं. या विषाला 1892 मध्ये रिचर्ड फायफर यांनी एंडोटॉक्सिन म्हटलं होतं. 1987 च्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना कापसाची धूळ हुंगवली, तेव्हा श्वास किती घटला याचा मेळ धुळीच्या वजनापेक्षा तिच्यातल्या एंडोटॉक्सिनशी बसला.

या विषावरचा उतारा मात्र शरीरातच निघाला. 1983 मध्ये अमेरिकेत डॅलसला कॅथरीन हॉल आणि रॉबर्ट मनफर्ड यांना माणसाच्या पांढऱ्या पेशींत एक विकर (एन्झाइम) सापडलं. आज त्याला एओएएच म्हणतात. विषाच्या रेणूला सहसा सहा मेदाम्लांच्या शेपट्या असतात. हे विकर त्यांतल्या दोन छाटतं. छाटलेल्या रेणूनं मग शरीराची धोक्याची घंटा वाजत नाही. ज्या उंदरांत हे विकर नव्हतं, त्यांच्या फुप्फुसातली सूज लवकर उतरली नाही, असं 2017 च्या संशोधनात दिसलं. म्हणजे विकर सूज अडवत नाही, ती आवरती घेतं. विषाची सवय झालेलं शरीर पुन्हा जागं व्हायलाही हेच विकर लागतं, असं उंदरांवरच्याच आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं. सुट्टीत शरीर असं जागं होत असेल, तर सोमवारच्या त्रासात या विकराचा हात असावा, हा माझा तर्क. सिद्ध झालेलं नाही.

पण विकराच्या भरवशावर धूळ सोडून देणं हा कामगारावरचा अन्याय आहे. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिस होता. तो आढळला की डॉक्टरांनी मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवणं त्या कायद्यानं बंधनकारक होतं. तेव्हा कापसाच्या कामात असाल आणि धाप लागत असेल, तर काम कुठलं आणि त्रास कोणत्या वारी वाढतो, हे डॉक्टरांना आधी सांगा.