रेग्युलर एक्स्प्रेशन (जावास्क्रिप्ट)

मजकुराच्या ढिगातून ठरावीक घडणीचा तुकडा, मग ती तारीख असो, फोन नंबर असो वा रक्कम, शोधून वेगळा काढण्यासाठी लिहिलेले सूत्र. प्रोग्रामरांच्या तोंडी ‘रेजेक्स’. कल्पना मुळात गणितातली. ती अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५०च्या दशकात मांडली. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी तिला मजकूर शोधण्याच्या कामाला जुंपले. जावास्क्रिप्टने पर्ल भाषेचे वळण गिरवले आणि १९९९च्या ईसीएमएस्क्रिप्ट ३ या मानकात रेजेक्सला जागा मिळाली.

सूत्र दोन तिरप्या रेघांच्या मध्ये लिहितात. ‘कांदे ५ किलो १५० रुपये, लसूण २ किलो ४०० रुपये’ या ओळीवर /[०-९]+/ हे सूत्र ‘जी’ ही खूण जोडून चालवले, तर ‘मॅच’ ही मेथड चारही आकडे देते. वजने नकोत, फक्त पैसे हवेत, तर /[०-९]+(?= रुपये)/ असे लिहावे; पुढे ‘रुपये’ आहे की नाही हे ते पाहते, पण तो शब्द उचलत नाही. हाती १५० आणि ४०० येतात. साध्या कंसात घातलेला भाग स्वतंत्रपणे मिळतो. अशा कंसांना नावे देण्याची सोय २०१८ मध्ये आली, तर सगळ्या जुळण्या कंसांसह एकामागोमाग देणारी ‘मॅचऑल’ २०२० मध्ये.

‘जी’ खूण असलेले सूत्र मागच्या वेळी कुठे थांबलो ते लक्षात ठेवते. त्यामुळे ‘टेस्ट’ ही मेथड त्याच ओळीवर पुन्हा चालवली, की कधी कधी उलटे उत्तर देते. नवख्यांना हे हमखास चकवते.

मराठी मजकुराची गोष्ट वेगळी. अंकांसाठीचा तयार संकेत, उलटी तिरपी रेघ आणि ‘डी’, फक्त 0 ते 9 हे इंग्रजी आकडे ओळखतो. १५० त्याला दिसतच नाही. शब्दाची सीमा ओळखणारा संकेतही देवनागरीपुढे निकामी. बरे, /[अ-ह]+/ लिहावे, तर ‘पुणे’मधून सुटे ‘प’ आणि ‘ण’ निघतात, कारण मात्रांची जागा यूनिकोडच्या तक्त्यात ‘ह’च्या पुढे आहे.

२०१८ पासून ‘यू’ खुणेसह थेट ‘लिपी देवनागरी’ असा गुणधर्म विचारता येतो आणि मात्रांसकट अख्खा शब्द मिळतो. तरी ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकलेला असेल, तर शब्द मधोमध तुटतो. यूनिकोडने ते चिन्ह देवनागरीच्या खात्यात नोंदलेले नाही; सूत्रात ते वेगळे घालावे लागते.