गाडीतील दुसरा विद्युत्घट

मोटारीत एक बॅटरी असते हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु फिरत्या दवाखान्याच्या गाडीत किंवा मुक्कामाची सोय असलेल्या प्रवासी वाहनात बहुधा आणखी एक बॅटरी बसविलेली आढळते. एंजिन सुरू करणे हे तिचे काम नव्हे. गाडी उभी असताना दिवा, पंखा, औषधांची शीतपेटी यांना वीज पुरविणे एवढेच तिचे काम. ती भरावयाची कशी, आणि भरताना वाहनाला व माणसाला अपाय होऊ नये म्हणून काय जपावयाचे, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी करून ती सौम्य गंधकाम्लात बुडविली आणि पुन:पुन्हा भरता येईल असा पहिला उपयुक्त विद्युत्घट जगापुढे ठेवला. त्यात एक मोठी अडचण होती. घट तयार होण्यासाठी तो कित्येक महिने भरावा आणि रिकामा करावा लागे. आणि भरावयाचा तोही दुसऱ्या रासायनिक घटांच्या विजेने! म्हणजे एका तळ्याचे पाणी ओंजळीने दुसऱ्या तळ्यात नेण्याचाच हा प्रकार. १८७१ साली ग्राम याने आपला डायनॅमो पुढे आणला तेव्हा विजेचा खराखुरा झरा सापडला. १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली आणि महिन्यांचे काम थोड्या दिवसांवर आले. त्याच वर्षी असा एक भरलेला घट पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे पोहोचला. वीज पेटीत भरून परगावी नेता येते, हे पाहून त्या थोर शास्त्रज्ञालाही नवल वाटले होते.

चालत्या वाहनाने स्वत:च्या गतीतून बॅटरी भरावी ही कल्पना मोटारीच्या आधी आगगाडीत रुजली. डब्याच्या आसाला पट्टा जोडून त्यावर डायनॅमो फिरवावयाचा, आणि गाडी स्थानकात थांबली की डब्याखालच्या बॅटरीने दिवे चालवावयाचे. आपल्याकडील रेल्वेच्या डब्यांखाली ही रचना पिढ्यान्पिढ्या होती. प्रारंभी ती २४ व्होल्टची होती. पुढे ११० व्होल्टची आणि अल्टरनेटरची आली. पट्टा तुटलेल्या डब्यात मध्यरात्री मंदावत जाणारा पिवळा दिवा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बॅटरी भरण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मोटारीत ही गोष्ट १९१२ साली स्थिरावली. त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाड्यांना चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर लागला आणि हँडल मारताना मनगट मोडण्याचे भय संपले. पण डायनॅमो हा मोठा हट्टी नोकर. एंजिन मंद झाले की तो जवळजवळ काहीच देत नसे. उलट बॅटरीच त्याच्यात रिकामी होऊ लागे. ते टाळण्यासाठी मध्ये ‘कटआऊट’ घालावा लागे. तीन ब्रशांच्या डायनॅमोला तर बॅटरी भरली की नाही हे कळतच नसे. लांबच्या प्रवासात जुने चालक भर दिवसा समोरचे दिवे लावून ठेवीत. पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटे, पण जास्तीची वीज कोठेतरी खर्च व्हावी आणि बॅटरी उकळू नये, हा त्यामागील शहाणपणा होता.

‘उकळणे’ हा शब्द गॅरेजमधला असला तरी नेमका आहे. भरण्याचा दाब १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १४.४ च्या पुढे गेला की आतील पाण्याचे विघटन जोराने होऊन हायड्रोजन व प्राणवायू बाहेर पडू लागतात. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला तरी एक ठिणगी पुरे. फार वर्षांपूर्वी बेळगावातील एका गॅरेजमध्ये मी उभा असताना एका कारागिराने पाण्याची पातळी पाहण्यासाठी बॅटरीच्या तोंडाशी काडी ओढली. आवाज बंदुकीसारखा झाला. झाकण छपराला लागले आणि आम्ल त्याच्या गालावर उडाले. शेजारच्या हंड्यातील पाण्याने तत्काळ तोंड धुतले म्हणून डोळा वाचला. तेव्हापासून बंद खोक्यात कोंबलेली बॅटरी पाहिली की मला आधी तिला वारा कोठून मिळतो ते शोधण्याची सवय जडली आहे.

१९६० साली क्रायस्लरच्या व्हॅलियंट गाडीत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर नित्याचा भाग म्हणून बसला. अल्टरनेटर नवा नव्हता. नवे होते ते सिलिकॉनचे चिमुकले डायोड. ते विजेला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून कटआऊटची गरज उरली नाही, आणि एंजिन मंद असतानाही वीज मिळू लागली. दुसरी बॅटरी बाळगण्याची चैन सामान्य वाहनाला परवडू लागली ती येथून.

दोन्ही बॅटऱ्या सरळ एकमेकींना जोडल्या तर रात्री पंखा चालवून सकाळी एंजिनही सुरू होणार नाही. म्हणून मध्ये डायोड घालण्याची रीत पडली. पण साधा डायोड स्वत:च सुमारे ०.७ व्होल्ट खातो आणि दुसरी बॅटरी कायम अर्धपोटी राहते. मग रिले आला. दाब सुमारे १३.३ व्होल्टवर गेला की तो दोघींना जोडतो आणि १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. यातही तारेचा कंजूषपणा घात करतो. बॅटरी पाच मीटर मागे असेल आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची, तर जाऊन येऊन दहा मीटर तांब्यात २० अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट हरवतात. पुढे १४.२ असलेला दाब मागे १२.८ वर येतो आणि बॅटरी कधीच पुरी भरत नाही. तार जाड हवी, आणि तिच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवा. कारण तारेच्या दोन्ही बाजूंना विजेचा साठा आहे. एकाच टोकाला फ्यूज लावून निश्चिंत झालेले लोक मी पाहिले आहेत. तार मध्ये कोठे घासून पत्र्याला टेकली, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी ती लालबुंद करते.

सूर्याकडून वीज घेण्याचा मार्ग १९५४ मध्ये उघडला. त्या वर्षी २५ एप्रिलला बेल प्रयोगशाळेने चेपिन, फुलर व पिअर्सन यांचा सिलिकॉनचा सौर घट जाहीर केला. पडलेल्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची तो वीज करी. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अमेरिकस या गावी, टेलिफोनच्या खांबावर असे घट बसवून दिवसा बॅटरी भरण्याचा प्रयोग झाला. १९६० साली एका कंपनीने १९१२ च्या जुन्या बेकर विद्युत्मोटारीच्या छतावर दहा हजारांहून अधिक सौर घट बसविले. दिवसभर ऊन खावे आणि सुमारे तासभर फिरावे, असा तिचा हिशेब होता. केटरिंगच्या स्टार्टरने ज्या साली विजेच्या मोटारीचा बाजार बसविण्यास आरंभ केला, नेमक्या त्याच सालची ही गाडी. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

आजच्या छतावरील १०० वॉटचा फलक भर उन्हात पाच-सहा अँपिअर देतो. परंतु ‘१२ व्होल्टचा’ म्हणून विकला जाणारा फलक भार नसताना २१-२२ व्होल्ट दाखवितो. मध्ये नियंत्रक न घालता तो बॅटरीला जोडणे म्हणजे तीन ब्रशांच्या डायनॅमोची जुनी चूक पुन्हा करणे होय. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडावी, मग फलक. काढताना आधी फलक. उन्हातला फलक बंद करता येत नाही, त्यावर जाड कापड टाकावे लागते. वैशाखात बॅटरी तापली की भरण्याचा दाब थोडा उतरवावा लागतो. चांगला नियंत्रक ते आपणहून करतो.

नव्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीने आणखी एक पेच आणला आहे. तिचा आंतरिक रोध इतका अल्प की ती अल्टरनेटरकडून भरमसाट प्रवाह ओढते. एंजिन मंद असता अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो आणि गुंडाळ्या जळतात. बॅटरी भरली की तिचा रक्षक-मंडल एका क्षणात जोडणी तोडतो. अल्टरनेटरवर दुसरी बॅटरी नसेल तर दाब उसळून डायोड फुटतात. म्हणून अशा बॅटरीस अल्टरनेटरची वीज थेट न देता, प्रवाहाला मर्यादा घालणाऱ्या वेगळ्या चार्जरमधून देतात. आणि शून्य अंशाखालील थंडीत, सूर्य कितीही तळपत असला तरी, ती भरीत नाहीत. मनालीच्या पुढे गाडी घेऊन जाणाऱ्यांनी पहाटेच्या पहिल्या उन्हात फलक उघडण्यापूर्वी बॅटरीला हात लावून पाहावा.