प्रेशसची वही

ली डॅनियल्सचा 'प्रेशस' (२००९) मी तीनदा पाहिलाय. घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवते, मुलांना घेऊन बसू नका. फार अंगावर येतो.

सफायर या लेखिकेच्या 'पुश' (१९९६) या कादंबरीवरून घेतलेली गोष्ट. १९८७ सालचं हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. सोळा वर्षांची प्रेशस बापाच्या अत्याचारामुळे दुसऱ्यांदा गरोदर आहे. आई मारते, घालूनपाडून बोलते. (या आईच्या कामासाठी मोनीकला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच.) इतकी वर्षं शाळेत जाऊनही पोरीला धड वाचता येत नाही, आणि शाळा तिला काढून टाकते. मग एका छोट्या पर्यायी शाळेत तिला मिस रेन भेटतात. या बाई रोज वहीत लिहायला लावतात. चुकू दे, पण लिही!

लिहिण्यावर एवढा भर का? मला साउथ कॅरोलायनातला १७४०चा कायदा आठवला. गुलामाला लिहायला शिकवलं तर शंभर पौंड दंड. वाचायला शिकवण्यावर मात्र त्यात बंदी नव्हती, ती आली १८३४ मध्ये. बायबल वाचणारा गुलाम एकवेळ चालत होता. पण लिहिता येणारा उद्या मालकाच्या नावाने परवाना लिहून चालता झाला तर?

भीती खोटी नव्हती. १८३६ मध्ये मेरीलँडमध्ये फ्रेडरिक डग्लसने नेमकं हेच केलं. स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी परवाने लिहिले. बेत फुटला, सगळे पकडले गेले. त्याने आपला कागद गुपचूप आगीत टाकला, आणि सोबत्यांनी आपापले कागद चक्क खाऊन टाकले! दोन वर्षांनी तो पळालाच, आणि १८४५ मध्ये त्याचं आत्मचरित्र छापून आलं.

प्रेशसला लिहिता-वाचता आल्याने तिचं दुःख काही संपत नाही. उलट पुढे तिला एचआयव्ही असल्याचं कळतं, आणि १९८७ साली त्यावर धड औषधंही नव्हती. पण समाजकल्याण खात्याच्या बाईंच्या टेबलावर तिची एक फाइल असते. परक्या माणसांनी तिच्याबद्दल काय काय लिहून ठेवलेली.

ती फाइल प्रेशस सरळ चोरते. वाचते. आणि वर्गातल्या मुलींना सांगते, आत काय आहे ते.