मलिक अंबर : निजामशाहीचा हबशी कारभारी

हबसाणांत जन्मलेला, ठिकठिकाणच्या बाजारांत विकला गेलेला मलिक अंबर दक्षिणेंत आला तो गुलाम म्हणून. इ. स. १६०० मध्यें मोंगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला. त्यानंतर निजामशाहीचें विस्कटलेलें राज्य त्यानें सांवरलें व मरेपर्यंत चालविलें.

जहांगीर बादशहाच्या डोळ्यांत मात्र त्याचा काळा वर्णच सलला. आपल्या आठवणींत त्यानें अंबरास वर्णावरून दूषणें दिलीं. अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत आहों, असें चित्रही काढविलें. तें मस्तक प्रत्यक्षांत त्याच्या हातीं कधींच लागलें नाहीं.

मुलखांत अंबराची पारख कामावरून झाली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची रीत लोकांच्या स्मरणांत राहिली. मराठे सरदार त्याच्या पदरीं होते. १६२४ सालीं नगरजवळ भातवडीस तलाव फोडून त्यानें मोंगल व आदिलशाही फौजांना चिखलांत खिळविलें. त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूस होते व त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले.

अंबरानें राजे बसविले, बदललेही. स्वतः तो गादीवर बसला नाहीं. परक्या मुलखांत गादीपेक्षां कारभारच आपणांस टिकवील, हें त्यानें ओळखलें असावें, असें आम्हांस वाटतें. परंतु तो कारभार सर्वस्वीं त्याच्यावरच विसंबून होता. १६२६ त तो वारला. १६३३ त त्याचा पुत्र फत्तेखान यानें दौलताबाद मोंगलांच्या स्वाधीन केला. १६३६ त निजामशाही संपली. राज्य राखणारा दुसरा पुरुष मात्र त्याच्या हातून घडला नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.